पाठ्यपुस्तकांसाठी एक सभा

शेंगांची टरफलं माहीत नाहीत असा मराठी माणूस सापडणं कठीण. टिळकांनी शेंगा खाल्ल्या नव्हत्या म्हणून टरफलं उचलायला नकार दिला, ही गोष्ट आपण इतक्या लहानपणी ऐकतो की स्वराज्याचा लढा त्या वर्गातच सुरू झाला अशी समजूत होऊन बसते. पुढाऱ्यांच्या बालपणाच्या गोष्टी अशाच असतात. शेवट ठाऊक असलेला माणूस सुरुवात सांगत असतो, त्यामुळे मुलाचे पाय पाळण्यात दिसतील याची तजवीज आधीच झालेली असते. त्या वर्गातली बाकीची मुलं कोण होती, शेंगा नेमक्या कोणी खाल्ल्या आणि शेवटी टरफलं कोणी उचलली, हे कोणी विचारत नाही.

या पुस्तकाच्या मध्यभागी अशीच एक गोष्ट आहे आणि तिच्यातल्या बाकीच्या मुलांविषयी विचारावं, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातलं मिलवॉकी शहर, 1908-09चा सुमार. फोर्थ स्ट्रीट स्कूलमधल्या दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीच्या लक्षात आलं की आपल्या वर्गातल्या कित्येकांकडे पुस्तकंच नाहीत. शाळेला फी नव्हती, पुस्तकांना मात्र पैसे पडत. रक्कम नाममात्र, पण ज्या घरात बाप मिळेल ते काम करतो आणि आई उधारीवर घर चालवते, तिथे नाममात्र असं काही नसतं. या मुलीने रेजिना हॅम्बर्गर नावाच्या मैत्रिणीला आणि आणखी काही जणींना गोळा केलं, ‘अमेरिकन यंग सिस्टर्स सोसायटी’ असं भारदस्त नाव घेतलं, स्वतःकडे अध्यक्षपद घेतलं, पॅकन हॉल नावाची जागा भाड्याने ठरवली आणि वस्तीभर आमंत्रणं धाडली. शनिवारी संध्याकाळी लोक खरोखरच आले. अध्यक्षांच्या धाकट्या बहिणीने यिडिश भाषेतली कविता म्हटली. मग अध्यक्षांचं भाषण झालं : पैसे असोत वा नसोत, प्रत्येक मुलाच्या हातात पुस्तक हवं. भाषण आधी लिहून काढ, असा आईचा आग्रह होता. तो मुलीने मानला नाही. पैसे बऱ्यापैकी जमले.

ती मुलगी गोल्डा माबोविच, म्हणजे 17 मार्च 1969 रोजी इस्रायलच्या पंतप्रधानपदी आलेल्या गोल्डा मेयर.

गोष्ट इथे थांबवली तर ती टरफलांच्या गोष्टीशेजारी छान बसते. पण एक साधा तपशील तिला तिथे बसू देत नाही. गोल्डा स्वतः जेमतेम तीन वर्षांपूर्वी या देशात आली होती. 1898 साली कीवमध्ये जन्म, मग पिन्स्क, आणि 1906 मध्ये आई-बहिणींबरोबर मिलवॉकी; सुतारकाम करणारे वडील तीन वर्षं आधीच पुढे आले होते. आईने वॉलनट स्ट्रीटवर किराणा दुकान थाटलं. सकाळी माल आणायला आई बाजारात गेली की दुकान सांभाळायला गोल्डा. मग शाळेला उशीर, रडारड, आणि एकदा तर मुलगी शाळेत का येत नाही हे विचारायला हजेरी तपासणारा अधिकारी दारात. ज्या मुलांसाठी ती सभा भरवत होती त्यांच्यात आणि तिच्यात अंतर होतं ते दोन-तीन वर्षांचं आणि एका दुकानाचं. मदत करणारी आणि मदत घेणारी एकाच बोटीतून उतरलेली होती. या गोष्टीचं खरं महत्त्व मला तिथे दिसतं. पुढच्या पंतप्रधानपदाशी त्याचा संबंध जोडायची घाई नको.

चरित्रकारांनी ही घाई केली तर त्यांना दोष देता येत नाही. गोल्डाबाईंनी 1975 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात हा प्रसंग थोडक्यात आणि जराशा मिस्कीलपणे सांगितला आहे. मारी सिर्किनपासून ते 2017 मध्ये मोठं चरित्र लिहिणाऱ्या फ्रान्सिन क्लॅग्सब्रनपर्यंत अनेकांना पुढच्या युद्धांकडे आणि राजकारणाकडे जायचं होतं. मराठी वाचकाला ही बाई माहीत आहे ती बहुधा वीणा गवाणकर यांच्या ‘गोल्डा : एक अशांत वादळ’मुळे. ते पुस्तक वाचलेल्यांना इथे नवं चरित्र मिळणार नाही. मिळेल तो चरित्रातल्या एका पानाभोवतीचा परिसर.

पुढाऱ्याच्या बालपणाकडे पाहायच्या तीन रीती आजवर रुळल्या आहेत. पहिली गुणगानाची, तिच्याविषयी वर बोललोच. दुसरी मनोविश्लेषकांची. एरिक एरिक्सन यांनी 1958 मध्ये मार्टिन लूथरवर आणि 1969 मध्ये गांधीजींवर लिहिलेल्या पुस्तकांनी तिला प्रतिष्ठा दिली. या रीतीत बालपणातली जखम हीच प्रौढपणाची किल्ली ठरते. गोल्डाच्या बाबतीत ती जखम तयारच आहे : कीवमध्ये दंगलीची आवई उठली तेव्हा घराच्या दाराला फळ्या ठोकणारे वडील. वाचताना पटतं, पण तशा फळ्या हजारो घरांना ठोकल्या गेल्या आणि त्या घरांतून हजारो पंतप्रधान निघाले नाहीत. तिसरी रीत सामाजिक इतिहासाची. फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने 1960 मध्ये बालपण हाच इतिहासाचा विषय आहे असं ठणकावल्यावर ती बळावली. मूल पुढे कोण झालं यापेक्षा ते मूल असताना त्याच्याभोवती काय होतं, हा तिचा प्रश्न. माझा कल या तिसऱ्या रीतीकडे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

तर मग त्या मुलांभोवती काय होतं? 1907 या एकाच वर्षात जवळपास तेरा लाख माणसं अमेरिकेत उतरली. तोवरचा तो उच्चांक होता. बहुतेक पूर्व आणि दक्षिण युरोपातली. अमेरिकी संसदेने त्याच वर्षी नेमलेल्या डिलिंगहॅम आयोगाने 37 शहरांतल्या शाळा तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांचे वडील परदेशात जन्मलेले निघाले. 1911 मध्ये आयोगाचा अहवाल आला तो 41 खंडांचा, आणि त्याचा एकूण सूर या नव्या लोंढ्याच्या विरोधात होता. 1924च्या स्थलांतरविषयक कायद्याने दार जवळजवळ लागलं त्याची पायाभरणी या खंडांत आहे. आकडेवारी एवढी मोठी आणि त्यात एकाही मुलाचा आवाज नाही, असं हे विलक्षण दप्तर आहे.

शाळांनी मात्र ही मुलं घेतली. न्यूयॉर्कमध्ये बोटीवरून थेट आलेल्या मुलांसाठी ‘स्टीमर क्लास’ निघाले : वय काहीही असो, काही महिने नुसतं इंग्रजी, मग नेहमीच्या वर्गात रवानगी. एकूण धोरण होतं नव्यांना लवकरात लवकर अमेरिकन करून टाकायचं. त्यात दात घासणं आलं, झेंड्याला वंदन आलं, आणि पुष्कळदा नाव बदलणंही आलं. लेनर्ड कोव्हेलो हे नाव मुळात कोव्हिएलो होतं. शिक्षिकेला उच्चारायला सोपं जावं म्हणून ते बदललं आणि घरी वडील संतापले. तोच मुलगा पुढे ईस्ट हार्लेममधल्या बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूलचा मुख्याध्यापक झाला आणि शाळेने मुलाला आईबापांची लाज वाटायला शिकवू नये, यासाठी आयुष्यभर झगडला.

त्याच्या नेमकी उलट साक्ष मेरी अँटिनची. पोलोत्स्कहून 1894 मध्ये बॉस्टनला आलेल्या या ज्यू मुलीने 1912 मध्ये आत्मकथन लिहिलं आणि अमेरिकन शाळेची आरती ओवाळली. ते पुस्तक तुफान गाजलं. पण त्याच पुस्तकात थोरली बहीण फ्रीडाही आहे. मेरी शाळेत गेली, फ्रीडा शिवणकामाला. वडिलांनी ठरवलं आणि तसं झालं. शाळा फुकट असली तरी कोणीतरी तिची किंमत मोजत होतं. मिलवॉकीत ती पुस्तकांच्या पैशांच्या रूपाने दिसली, बॉस्टनमध्ये एका बहिणीच्या रूपाने.

मदतीचा दुसरा एक नमुना त्याच मिलवॉकीत होता. त्याच्यापाशी थोडं रेंगाळायला हवं. लिझी ब्लॅक कँडर या सुखवस्तू जर्मन ज्यू बाईंनी रशियातून येणाऱ्या गरीब ज्यूंसाठी सेटलमेंट चालवलं होतं. ही कल्पना शिकागोत जेन अ‍ॅडम्स यांनी 1889 मध्ये काढलेल्या हल हाउसच्या वाटेने जाणारी : शिकल्यासवरल्यांनी गरिबांच्या वस्तीत जाऊन वर्ग, वाचनालय, न्हाणीघर चालवायचं. कँडरबाईंच्या स्वयंपाकाच्या वर्गात मुली फळ्यावरून पाककृती उतरवून घेण्यात वेळ घालवत. त्या छापून द्याव्यात म्हणून बाईंनी संचालक मंडळाकडे 18 डॉलर मागितले. मंडळावरच्या पुरुषांनी नकार दिला. बाईंनी जाहिराती मिळवल्या आणि 1901 मध्ये पुस्तक छापलं. ते पुढे कित्येक दशकं खपत राहिलं आणि त्याच्या पैशांतून सेटलमेंटला नवी वास्तू मिळाली. आता गंमत पाहा. ज्या घरांसाठी हे पुस्तक होतं त्यांच्या धर्मात निषिद्ध असलेल्या कालवांच्या कृतीही त्यात होत्या. बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. चांगलं अमेरिकन जेवण कसं असतं ते त्या दाखवत होत्या. वरून दिलेल्या मदतीबरोबर ‘तुम्ही आमच्यासारखे व्हा’ हे सांगणं येतंच, मग ते कितीही गोड शब्दांत असो. शाळकरी मुलींच्या सभेत असं सांगायला कोणी नव्हतं. तिथे यिडिश कविता म्हटली गेली आणि इंग्रजी पुस्तकांसाठी पैसे जमले. या दोन्हींत विसंगती आहे असं त्या सभागृहात कोणालाच वाटलं नसावं.

मोठ्यांच्या वादात मात्र हीच विसंगती मुख्य मुद्दा ठरली. इझ्राएल झँगविल यांच्या ‘द मेल्टिंग पॉट’ या नाटकाने 1908 मध्ये एक कल्पना रूढ केली : सगळ्या जाती-जमाती अमेरिकेच्या मुशीत वितळून एक नवा माणूस तयार होणार. त्याला 1915 मध्ये सर्वांत नेटकं उत्तर दिलं होरेस कॅलन यांनी. ते तेव्हा मिलवॉकीहून फार दूर नसलेल्या मॅडिसनच्या विद्यापीठात शिकवत होते. माणूस कपडे, धर्म, पक्ष बदलू शकतो, पण आपले आजोबा बदलू शकत नाही, अशा आशयाचं त्यांचं म्हणणं होतं; लोकशाहीने भिन्नता पुसू नये, तिला एकत्र नांदू द्यावं. पुढे पहिल्या महायुद्धाने हा वाद लाठीने सोडवायचा प्रयत्न केला. जर्मनांचं शहर असलेल्या मिलवॉकीतच जर्मन भाषा संशयित ठरली. नेब्रास्का राज्याने 1919 मध्ये लहान मुलांना परकी भाषा शिकवायला बंदी केली आणि एका मुलाला जर्मन वाचायला शिकवल्याबद्दल रॉबर्ट मेयर या शिक्षकाला दंड झाला. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उडवली.

इतिहासकारांचे तट याच प्रश्नावर पडले आहेत. एलवूड कबर्ली यांच्या पिढीला सार्वजनिक शाळा म्हणजे प्रगतीची गाथा वाटे. 1960-70च्या दशकांत मायकेल कॅट्झ, कॉलिन ग्रीअर वगैरे बंडखोरांनी ती उलटी केली : शाळेने गरिबांना वर काढलं ही दंतकथा, तिने कारखान्यांना शिस्तीचे मजूर पुरवले. डायान रॅव्हिच यांनी 1978 मध्ये या बंडखोरांची हजेरी घेतली. डेव्हिड टायक यांनी 1974 मध्ये शहरी शाळांची यंत्रणा कशी एकसाची झाली ते दाखवलं. पॉला फास यांनी 1989 मध्ये मुलांनी शाळेत शिरून शाळाच कशी बदलली याकडे लक्ष वेधलं. मला विचाराल तर या सगळ्यांत फास यांचं बोट योग्य जागी आहे. बंडखोरांचा राग खरा होता, पण त्यांच्या पुस्तकांतली मुलं केवळ सोसणारी. सभागृह भाड्याने ठरवणारी मुलगी त्यांच्या चौकटीत मावत नाही. नंतर समाजशास्त्रज्ञ आले. अलेहांद्रो पोर्तेस आणि मिन झोउ यांनी 1993 मध्ये मांडलं की स्थलांतरितांची मुलं एकाच वाटेने वर चढत नाहीत. कोणी वर जातं, कोणी तळातल्या अमेरिकेत मिसळतं, कोणी आपल्या समाजाला धरून राहतं आणि त्याच बळावर पुढे जातं. कोण कोणत्या वाटेला लागेल हे ठरवण्यात आपल्याच माणसांचं पाठबळ फार कामाला येतं. पॅकन हॉलमधल्या त्या संध्याकाळसाठी शास्त्रीय भाषा हवी असेल त्यांनी ती इथून घ्यावी.

पुस्तकांच्या पैशांचा प्रश्न तर मिटलाच नाही. टेक्सासमधल्या टायलर गावच्या शाळांनी कागदपत्रं नसलेल्या मुलांकडून वर्षाला हजार डॉलर मागितले, तेव्हा 1982 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की आईबापांच्या कागदांची शिक्षा मुलांना देता येणार नाही. तो निकाल पाच विरुद्ध चार असा होता.

आता अवघड भाग. लहानपणी स्थलांतरित मुलांसाठी पैसे जमवणारी मुलगी मोठेपणी सत्तेत आली आणि तिच्यासमोर स्थलांतरितच उभे राहिले. 1949 ते 1956 गोल्डा मेयर इस्रायलच्या मजूरमंत्री होत्या. लाखो नवागत तंबूंत आणि पत्र्याच्या छावण्यांत राहत होते. त्यांना घरं आणि काम देणं ही जबाबदारी प्रामुख्याने त्यांच्या खात्याची. घरं बांधली गेली, राष्ट्रीय विमा कायदा झाला. हे काम मोठंच होतं. त्याच वर्षांत कोकणातून आणि मुंबईहून आपले बेने इस्रायल तिथे पोचत होते. गोऱ्या ज्यूंकडून मिळणाऱ्या वागणुकीला विटून त्यांच्यातल्या काही कुटुंबांनी 1951-52 मध्ये ‘आम्हाला भारतात परत पाठवा’ म्हणून धरणं धरलं. काही जण परत आलेही, आणि त्यातले पुष्कळ पुढे पुन्हा गेले. ज्या समाजाने 1875 मध्ये मुंबईत मुलांसाठी स्वतःची शाळा काढली, त्याची मुलं आता हिब्रू अक्षरांपाशी नव्याने बसली होती. त्यांच्या घरात मराठी टिकली. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक इस्रायलमधून निघत राहिलं.

मोरोक्को, इराक वगैरे देशांतून आलेल्या ज्यूंची पुढची पिढी 1971 मध्ये जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरली. तेव्हा पंतप्रधान असलेल्या गोल्डाबाई त्या तरुणांच्या पुढाऱ्यांना भेटल्या आणि ही काही चांगली मुलं नाहीत, असा शेरा मारून मोकळ्या झाल्या. पॅलेस्टिनी नावाचं काही राष्ट्र नव्हतंच, हे त्यांचं 1969 मधलं विधान तर अजून सलतं. बालपणीचा कनवाळूपणा आयुष्यभर पुरतो ही आपली समजूत त्यामुळे डळमळते आणि ती डळमळावी असं मला वाटतं. दहाव्या वर्षी त्या मुलीला वर्गमैत्रिणीची अडचण दिसली, कारण ती शेजारच्याच बाकावर होती. मंत्र्याच्या खुर्चीवरून बाक दिसत नाही. याच्या उलट उदाहरणही आहे. लिंडन जॉन्सन यांनी 1928 मध्ये टेक्सासच्या कोटुला गावात मेक्सिकन मुलांना शिकवलं. शाळेच्या आवारात ते स्पॅनिश बोलू देत नसत. तरी अध्यक्ष झाल्यावर, 1965 मध्ये मतदानहक्काविषयी संसदेसमोर बोलताना त्यांनी त्याच मुलांची आठवण काढली, आणि 1968 मध्ये द्विभाषिक शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. म्हणजे आठवण कोणत्या बाजूला वळेल याचा भरवसा नसतो.

हे पुस्तक मराठीत का, असं कोणी विचारेल. एक कारण बेने इस्रायलांचं. दुसरं दाराशीच आहे. मुंबई महापालिका आठ माध्यमांतून शाळा चालवते. दिवाळीच्या आगेमागे बीडमधून ऊसतोडीला गाड्या निघतात तेव्हा वर्गातली मुलंही निघतात आणि साखरशाळा असली तरच त्यांचं वर्ष वाचतं. पुण्यात इमारती उभ्या राहतात तिथल्या पत्र्याच्या खोल्यांतून तेलुगू, हिंदी, उडिया बोलणारी मुलं जवळच्या मराठी शाळेत येऊन बसतात. 2009च्या कायद्याने शिक्षण मोफत झालं आणि पाठ्यपुस्तकंही मोफत मिळतात, तरी बसभाडं आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहणारी बहीण हा हिशेब कायद्याबाहेरच राहतो. त्या वर्गात नव्या मुलाला फळ्यावरचं काय लिहिलंय ते कोण सांगतं? बहुतेक वेळा सहा महिने आधी आलेलं दुसरं मूल. आपल्याकडे वरच्या वर्गातल्या मुलाची पुस्तकं जूनमध्ये निम्म्या किमतीत घ्यायची पद्धत अजून आठवणारे वाचक आहेत. मुलांनी मुलांसाठी चालवलेली ही व्यवस्था कोणत्याच अहवालात आली नाही.

या पुस्तकाने जे करायचं ठरवलं ते एवढंच : मिलवॉकीतली ती सभा मध्यावर ठेवायची आणि तिच्याभोवती शाळा, वस्ती, किराणा दुकान, सेटलमेंट, न्यायालय आणि पुढची सत्ता अशी वर्तुळं काढत जायचं. गोल्डाबाईंविषयी वाचकाचं मत आधीच बनलेलं असेल, बाजूचं वा विरुद्ध. ते बदलायचा खटाटोप इथे नाही. ज्या मुलांसाठी पैसे जमले त्यांची नावं मला कुठे मिळालेली नाहीत आणि कल्पनेने ती भरून काढायचा मोह मी टाळला आहे. मात्र त्यांच्यासारख्यांची, मेरी अँटिनची, फ्रीडाची, कोव्हेलोची साक्ष जिथे मिळाली तिथे ती मोठ्यांच्या आधी ठेवली आहे. 1969च्या ऑक्टोबरात पंतप्रधान म्हणून गोल्डाबाई आपल्या जुन्या शाळेत गेल्या, तेव्हा वर्गांत बहुतेक मुलं कृष्णवर्णीय होती आणि त्यांनी पाहुणीसाठी हिब्रू गाणी पाठ केली होती. त्या मुलांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. या पुस्तकातलं मला सर्वांत आवडतं प्रकरण तेच.

पोलिश मुलांच्या चर्चच्या शाळांविषयी इथे फार थोडं आहे. मिलवॉकीच्या दक्षिण भागात त्या भरपूर होत्या, पण तो विषय वेगळ्या अभ्यासाचा आहे. प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचता येतील. डिलिंगहॅम आयोगावरचं प्रकरण कोरडं आहे. आकड्यांचा कंटाळा असेल त्यांनी ते शेवटी वाचावं, पण वाचावं, कारण बाकीच्या प्रकरणांतल्या मुलांसारख्यांना अमेरिकेची दारं कोणी आणि का बंद केली ते त्यातच आहे.